नाव न घेता शिकवलेलं नाटक

जवळ सरक, पोरी. तू लातूरच्या होस्टेलात आणि मी कंधारला माझ्या ओट्यावर, तरी सरक. हा कागद जरा डोळ्याजवळ धर म्हणजे झालं. परवा फोनवर काय म्हणालीस तू मला? "आजी, ते इंग्रजी नाटक लई बोअर आहे, मी गाईडमधून पाठ करते." तुझा फोन ठेवला आणि बघते तर तव्यावरची भाकरी करपलेली. गाईडमधून! अगं, सुट्टीला आलीस की ज्या ओट्यावर तू भातुकली मांडायचीस, त्याच ओट्यावर ते नाटक चार वर्षं शिकवलं गेलं. सातवीत शाळा सुटलेल्या तुझ्या आजीला ते जोंधळे निवडता निवडता कळलं, आणि बी.ए.ला बसलेल्या नातीला बोअर होतं? कान धरायला पाहिजे तुझा. पण हात पुरत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला आपले सर आठवतात का? कसे आठवतील, तू चार-पाच वर्षांची. तू त्यांना "साकुसर" म्हणायचीस. ते उदगीरचे, घरात कानडी, त्यांच्या वडिलांचं भुसार दुकान. चिडले की मराठीतून कानडीत जायचे. "साकु! साकु!" म्हणजे पुरे, पुरे. पोरांनी चुकीचं उत्तर दिलं की साकु, चहात साखर जास्त पडली की साकु, आणि पावसाची सर थांबेना की आभाळाकडं तोंड करून साकु.

ते आपली भाड्याची खोली बघायला आले तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. कॉलेजात तासिकेवर लागलेले, म्हणजे कायम नाहीत. अंगानं काटकुळे, हनुवटीवर दाढीचा पत्ता नाही, उन्हाळ्यात स्वेटर. गळ्यात लिंगाची पेटी दिसली, म्हणजे लिंगायत, म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "सर, आम्ही बौद्ध हाव. तुमच्या घरच्यांना चालतं का बघा."

ते म्हणाले, "घरच्यांचं मी बघतो. तुम्हाला इंग्रजी चालतं का? मी फार मोठ्यानं वाचतो."

"चालतं की. आम्हाला कुठं कळतं?"

"कळेल," ते म्हणाले. झालं, त्या एका शब्दावर माझी चार वर्षं गेली.

सकाळी कॉलेज, दुपारनंतर आपल्या ओट्यावर पोरं. दुसऱ्या वर्षाला तेच नाटक होतं, तुला आहे तेच. आणि सरांची पहिली अट काय, तर त्या नाटकाचं नाव घ्यायचं नाही. स्वतः तर कधीच घेत नसत. "ते नाटक" म्हणायचे, नाहीतर "किल्ल्यावरचं नाटक". तिकडच्या नाटकवाल्या लोकांत म्हणे रीतच आहे. ह्या नाटकाचं नाव घेतलं की काहीतरी इपरीत होतं. कुणाच्या तोंडून निघालंच, तर त्यानं बाहेर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, थुंकायचं, दार वाजवायचं आणि आत येऊ का म्हणून विचारायचं. सर ही रीत तंतोतंत पाळायचे. पोरं कंधारची, वात्रट. एखादा मुद्दाम नाव घ्यायचा, मग गल्लीत जाऊन गरगर फिरायचा, थू करायचा आणि आपली कडी वाजवून ओरडायचा, "मे आय कम इन सर?" मी आतून म्हणायची, "ये बाबा, पाय धुऊन ये."

नाटक तसं सोपं आहे गं, तूच गाईड वाचून अवघड केलंस. एक शूर सरदार लढाई जिंकून घरी निघतो. वाटेत माळावर तीन बाया भेटतात, म्हणतात, तू राजा होशील. घरी बायको म्हणते, होशील कशाला, हो की! आणि नेमका राजा त्यांच्याच घरी पाहुणा म्हणून मुक्कामाला येतो. हा त्याला झोपेत मारतो. पाहुण्याला! आपल्याकडं पाहुण्याला ताटावरून उठू देत नाहीत. मग पुढं काय, गादी मिळते आणि झोप जाते.

सर हे शिकवताना सगळं आपल्या मुलखात आणायचे. तिथल्या सरदारकीचं एक नाव होतं, ते पोरांच्या जिभेवर बसेना. सर म्हणाले, "अरे, देशमुख समजा! आधी एका गावचा देशमुख होता, लढाईत शौर्य गाजवलं म्हणून राजानं दुसऱ्या गावचीही देशमुखी दिली." पोरांना झक्क समजलं. इतकं समजलं की परीक्षेत इंग्रजीतून तसंच लिहून आले, की आपला नायक हा दोन गावांचा देशमुख होता. नांदेडला पेपर तपासणाऱ्यानं म्हणे लाल पेनानं विचारलं होतं, "कोणते देशमुख?" सरांना ते कळलं तेव्हा हसून हसून त्यांचा स्वेटर घामानं भिजला.

खंजिराच्या प्रवेशाला माझं लाटणं गेलं. त्या सरदाराला खून करायच्या आधी हवेत खंजीर दिसतो ना, तो पोरांना कसा दाखवायचा? सरांनी लाटण्याला दोरा बांधला आणि ओट्याच्या आढ्याला टांगलं. ते हलतंय, पोरं डोळे फाडून बघतायत, सर दोन्ही हात पुढं करून इंग्रजीत ओरडतायत. तेवढ्यात मी कणकेचे हात घेऊन बाहेर आले. "सर, तुमचा खून झाला असेल तर लाटणं द्या, पोळ्या राहिल्यात." सगळा वर्ग फुटला. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "बाई, नाटकातही खुनानंतर नेमकं असंच दार वाजतं. तुम्ही बरोबर वेळेला आलात."

मी मग दाराआड जोंधळ्याचं सूप घेऊन बसायला लागले. निवडणं हे निमित्त. राणीला पुढं आपले हात रक्तानं माखलेले दिसतात आणि ती झोपेत चालत हात चोळत राहते, ते ऐकून मला राहवलं नाही. आतूनच बोलले, "सर, कंधारला नळ आठव्या दिवशी येतो. ती राणी इथं असती तर हात धुवायच्या भानगडीत पडलीच नसती!"

सर हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझं सूप दाराआडून ओट्यावर आलं. "बाई, तुम्ही पुढं बसा. पोरांपेक्षा तुम्हाला जास्त शंका येतात."

आता सोजराबाईचं सांगते, कारण तिच्यावाचून हे नाटक पुरं होत नाही. सोजराबाई आपल्या समोरच्या घरातली. नवरा कधीचा गेलेला, लेकरू नाही, एकटी. मजुरीला जायची, पाल्याची औषधं द्यायची, वाटेनं स्वतःशी बोलत चालायची, आणि हनुवटीवर चार राठ केस. नाटकातल्या त्या तीन बायांनाही दाढी आहे, माहीत आहे ना? सरांनी सोजराबाईला पहिल्यांदा बघितलं तेव्हा हरखून बघतच राहिले. ती थांबली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "काय बघून राहिला रे मास्तरा? तुला न्हाई आली म्हणून माझ्यातली मागतो का?"

सर तिथंच तिचे भक्त झाले.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. त्या राजाला सांगितलेलं असतं, की रान चालून तुझ्या किल्ल्यावर येईल तेव्हाच तू हरशील. तो निर्धास्त, रान कुठं चालतं? पण शेवटी शत्रूचे शिपाई झाडांच्या फांद्या तोडून अंगापुढं धरून येतात. पोरं म्हणायची, "सर, हे काय पण! फांद्या धरल्या तर माणूस दिसत न्हाई का?" सर समजावून थकले. त्याच आठवड्यात मी आपल्या कंधारच्या किल्ल्याच्या अंगानं येत होते. संध्याकाळ व्हायची होती, ऊन तिरपं. कापूस निघून गेलेला, आणि बाया पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर घेऊन ओळीनं येत होत्या. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, चुलीला नेतात ती. लांबून बाया दिसतच नव्हत्या. नुसतं शेत चालत येत होतं.  मी चप्पल हातात घेऊन पळत घरी आले.

"सर! रान आलं! चला लवकर!"

सर तसेच निघाले, पोरं मागं. सगळे किल्ल्याच्या भिंतीवर चढून बघतात तर खरंच रान चालत येतंय. सरांच्या डोळ्यांत पाणी. रान जवळ आलं तर पहिल्या भाऱ्याखालून आवाज आला, "बाजूला हो की मास्तरा, मान मोडून राहिली माझी!" सोजराबाईच होती.

त्या वर्षी पोरांनी त्या प्रश्नाची उत्तरं कशी लिहिली, विचारू नकोस.

आणि त्या नाटकामागचा इतिहास? तो गाईडमध्ये चार ओळींत उरकलेला असेल. सर तो तीन दिवस सांगायचे. म्हणायचे, खरा सरदार असा नव्हताच. पाहुण्याला अंथरुणात मारलं नाही त्यानं, राजा लढाईत पडला. आणि नंतर ह्यानं चांगली पंधरा-सतरा वर्षं राज्य केलं. मग नाटकवाल्यानं त्याला एवढा काळा का रंगवला? सर विचारायचे, "नाटक बघायला समोर गादीवर कोण बसलंय ते बघा!" गादीवरचा राजा स्वतःला त्या सरदाराच्या विरोधी घराण्याचा वारस म्हणवायचा. आणि त्याला चेटकिणींची अशी भीती, की त्यानं चेटकिणींवर पुस्तकच लिहिलेलं. त्या काळात तिकडं लई बाया जाळल्या, पोरी. नाटकातल्या तीन बाया गंमत म्हणून आल्या नाहीत, राजाचा भ्याड जीव सुखवायला आल्या. पण नाटकवाला हुशार. सर बोट वर करून विचारायचे, "त्या तीन बायांनी सुरी हातात धरली का?"

पोरं म्हणायची, "नाही."

"मग खून कुणी केला?"

"ज्यानं केला त्यानं!"

"साकु!" हे साकु मात्र खुशीतलं असायचं.

आता मी तरी गप्प बसणारी आहे का? एक दिवस सर मला म्हणाले, "बाई, तुम्ही एवढ्या शहाण्या, आणि नवऱ्याचं नाव घेत नाही? 'आमचे हे, आमचे हे' काय? नाव घेतलं तर काय होतं?"

मी सूप खाली ठेवलं. "आणि तुमच्या नाटकाचं घेतलं तर काय होतं, सर?"

त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आपण काहीतरी भलतं बोललो. पोरं गेल्यावर त्यांनी सांगितलं. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. ते तेव्हा लातूरला शिकत होते. गल्लीतल्या गणपतीपुढं विसर्जनाच्या आधी त्यांनी नि त्यांच्या मित्रानं त्या नाटकातला एक प्रवेश मराठीत केला. मित्र सरदार झाला, आणि सर माइकवर होते. नाटकाचं नाव सरांनीच पुकारलं, तीनदा, ऐटीत. एक म्हातारे मास्तर म्हणाले होते, नाव घेऊ नकोस रे, त्याची रीत नाही. सर हसले होते. मित्र तिथून गावी गेला. त्याचं गाव कुठल्या बाजूचं, ते तुला सांगायला नको. तो परत आला नाही.

सर म्हणाले, "मला कळतं, बाई. जमिनीखालच्या खडकाला माझ्या माइकचं काय? पण हे मला कळतं. माझ्या जिभेला कळत नाही."

मी उठून चहा केला. ते प्यायले आणि नेहमीसारखा कप तीनदा धुऊन ठेवला, त्या राणीनं हात धुवावेत तसा.

पण जिभेला कळत नाही ते गल्लीला बरोबर कळतं, आणि उलटंच कळतं. झालं असं, की आपल्या शेजारच्या व्यंकटची म्हैस आटली. त्याच महिन्यात त्याच्या दोरीवरच्या कपड्यांना बारीक बारीक जळकी भोकं पडायला लागली. लुगड्याला भोक, बनियनला भोक. व्यंकटची बायको रडकुंडीला आली. आणि कुणीतरी तो शब्द काढला, आपल्या भागात निघायला वेळ लागत नाही तो. भानामती.

भानामती म्हटली की करणारी पाहिजे. आणि ती कोण, हे शोधायला लांब जायला नको. एकटी बाई, पाला उकळते, स्वतःशी बोलते, हनुवटीवर केस. वर व्यंकट काय म्हणाला माहीत आहे? "मास्तराची पोरं तिच्या दारासमोर गिरक्या घेऊन थुंकतात. उगंच? एवढा शिकलेला मास्तर! त्याला माहीत हाय ती कोण हाय ते, म्हणून उतारा करून राहिला."

आपल्या दारातून बाहेर पडलं की समोर सोजराबाईचंच दार ना गं. पोरं थुंकणार कुठं?

ठरलं असं, की इस्लापूरकडून एक भगत आणायचा. तो घुमणार आणि "नाव काढणार". नाव कुणाचं निघणार हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. आणि एकदा नाव निघालं की त्या बाईला गावात पाणी कोण देणार? सोजराबाईनं गाठोडं बांधायला घेतलं. मी गेले तर म्हणाली, "हदगावला भाच्याकडं जाते बाई. तिथं माझे केस तरी कुणी मोजणार न्हाई." तिचा आवाज नेहमीसारखाच टणक. पण गाठोड्याची गाठ तिला बसत नव्हती. तीनदा सुटली.

मी येऊन सरांना सांगितलं. थुंकण्याचंही सांगितलं, लपवून काय करू? ते चहा प्यायले आणि कप न धुता तसाच ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाले, "बाई, बैठक बोलवा."

समाजमंदिरात दुसऱ्या दिवशी पाच वाजता बैठक. भिंतीवर मोठ्या अक्षरांत आपल्या बावीस प्रतिज्ञा रंगवलेल्या, असल्या गोष्टी मानणार नाही म्हणून, आणि त्याच भिंतीला टेकून आपलीच माणसं, शेजारपाजारची माणसं, भगताला आणायला कोण जाणार ते ठरवून राहिलेली. वर पंखा किरकिर करतोय, मागच्या बोळात नव्यानं निघालेल्या वेल्डिंगच्या दुकानाची चरचर चाललेली. सोजराबाई पुढंच मांडी घालून बसली, तंबाखू मळत. गाठोडं शेजारी.

सर उभे राहिले. "मित्रहो, साधारण चारशे वर्षांपूर्वी..."

व्यंकट म्हणाला, "मास्तर, आमची म्हैस ह्याच महिन्यात आटली."

लोक हसले. सर घाबरले, पण बोलत राहिले. इंग्लंडच्या वरच्या अंगाला एक डोंगराळ मुलूख आहे म्हणाले. मागून कुणीतरी विचारलं, "किनवटकडं का?" सर म्हणाले, "किनवटच्या फार पुढं. तिथला राजा नव्या राणीला बोटीनं घरी आणत होता. समुद्रात वादळ आलं. राजा म्हणाला, हे बायांनी केलं. वादळ समुद्रात, आणि बाया धरल्या गावातल्या! त्यांना छळलं आणि विचारलं, नाव घ्या, अजून कोण आहे? छळलेलं माणूस काय करेल? नाव घेतं. कुणाचंही घेतं. शेजारणीचं घेतं."

 पण व्यंकटही काही बुद्दू नव्हता. उभा राहून म्हणाला, "ते सगळं खरं असंल. मग तुमची पोरं हिच्या दारात का थुंकत होती? ते सांगा."

पोरी, त्या वेळी सरांचे पाय मी बघितले. थरथरत होते.

"कारण मी भित्रा आहे," सर म्हणाले. "एका नाटकाचं नाव घ्यायला भितो. त्या भीतीपायी पोरांना फिरवलं, थुंकायला लावलं. दार कुणाचं आहे ते बघितलंसुद्धा नाही. ह्या बाईवर जे आलं ते माझ्यामुळं आलं."

"मग घ्या की नाव," व्यंकट म्हणाला. "आमच्यासमोर घ्या. काही होत न्हाई म्हणता ना?"

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. शब्द येईना. त्यावर सोजराबाईनं तंबाखू तोंडात टाकला आणि म्हणाली, "तसं येत नसंल तर उखाण्यात घे रे मास्तरा. नव्या नवरीला बी तसंच येतं."

बाया खुदखुदल्या. सरांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, मी एकटा नाही घेणार."

मला कळलं. आमचे हे मागं बसलेले, डेपोतनं तसेच आलेले, हाताला ग्रीस. लग्नाला तेव्हा पस्तीस वर्षं झालेली, आणि मी एकदाही घेतलं नव्हतं. मतदार यादीवाल्यानं विचारलं तरी बोटानं भिंतीवरची पाटी दाखवायची मी. उभी राहिले. उखाणा नाही, काही नाही. म्हटलं, "गंगाधर."

सगळं समाजमंदिर वळून मागं बघायला लागलं. आमचे हे खुर्चीखाली काहीतरी पडल्यासारखं शोधायला वाकले.

मग सर बोलले, डोळे मिटून. तिथल्या तिथं जुळवलेला उखाणा,

उदगीरला किल्ला, कंधारला तट,
पोरांना गोल फिरवलं, सुटला नाही हट्ट;
दुसऱ्याच्या दारात थुंकून झालं माझंच काळं नाव,
...चं नाव घेतो, ऐका सारा गाव!

घेतलं! स्वच्छ घेतलं, मोठ्यानं, शिकवताना बोलायचे तसं.

आणि खट्ट! लाइट गेली.

पंखा किर्र करत थांबला. मागच्या बोळातली चरचर थांबली. बाया किंचाळल्या. व्यंकट ओरडला, "म्या म्हणत होतो! म्या म्हणत होतो!" आमचे हे मागून म्हणाले, "अगं, माझ्या नावानं गेली का त्या नाटकाच्या?" मी म्हटलं, "तुमच्या नावानं डेपोतली गाडी चालू होत न्हाई, लाइट काय जाते!" पण हसलं कुणी नाही. सगळ्यांच्या नजरा सोजराबाईवर. ती तशीच मांडी घालून. तिनं शांतपणे वर पंख्याकडं बघितलं, मग माणसांकडं.

"अरे येड्यांनो," ती म्हणाली, "माझ्यात एवढी ताकद असती, तर म्या लाइट घालवली असती का? आणली असती की!"

 पहिल्यांदा व्यंकटची बायको हसली, तोंडाला पदर लावून. मग कुणाला आवरेना. लोडशेडिंगनं रोज आठ-आठ तास बेजार झालेली माणसं ती, पोटातून हसली. व्यंकट बराच वेळ तोंड दाबून धरून होता, शेवटी तोही फुटला. आणि एकदा असं हसल्यावर कोणत्या तोंडानं इस्लापूरला जाणार?

सर मात्र हसत नव्हते. अंधूक उजेडात खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली जमिनीकडं बघत उभे होते. मी जवळ गेले. हळूच विचारलं, "हलली का, सर?"

"नाही, बाई."

"मग बसा आता."

ते बसले. लहान लेकरासारखे.

दोन-तीन दिवसांनी व्यंकटची बायको कपडे वाळत घालत होती, तर मागच्या भिंतीवरून वेल्डिंगची ठिणगी उडून तिच्या पदरावरच पडली. तिथंच भोक. ती भिंतीवरून त्या वेल्डिंगवाल्याला जे बोलली, ते मी लिहीत नाही, तू लहान आहेस. म्हशीचं काय झालं ते मात्र आजवर कुणाला कळलं नाही. विकली त्यानं.

सोजराबाईनं गाठोडं त्याच संध्याकाळी सोडलं. पुढं सात-आठ वर्षं जगली, आपल्याच घरात, आणि गेली तीही आपल्याच बाजेवर. सर गेले तरी त्यांची जुनी पोरं शेवटपर्यंत तिला येता-जाता विचारायची, "आजी, आज लाइट येणार का?" ती म्हणायची, "माझ्या मर्जीवर हाय, बिल भरा आधी."

आणि सर? तुला वाटेल, एवढं झाल्यावर ते रोज नाव घ्यायला लागले असतील. छे! दुसऱ्या दिवशी परत "किल्ल्यावरचं नाटक". मी विचारलं तर म्हणाले, "एकदा घेतलं ना, बाई? साकु!" फक्त गिरक्या आणि थुंकणं बंद झालं. नाव घेणाऱ्या पोराला आता शिक्षा एकच, सोजराबाईला एक घागर पाणी भरून द्यायचं. सर होते तोवर तिचा रांजण कधी रिकामा राहिला नाही. आता ते उदगीरला असतात, गुडघे धरलेत, पण फोनवर आवाज तसाच. तुझं बोअर झालेलं मी त्यांना सांगितलं. काय म्हणाले असतील? बरोबर ओळखलंस.

माझं म्हणशील तर मी तेव्हापासून ह्यांचं नाव सर्रास घेते. गंगाधर. बघ, लिहिलंसुद्धा. गंगाधर आत्ता माझ्यामागं उभा राहून वाचतोय आणि म्हणतोय, "हाताच्या ग्रीसचं कशाला लिहिलंस?"

पण त्या नाटकाचं नाव मात्र ह्या कागदावर कुठं सापडणार नाही तुला. भीतीनं नाही गं. ते नाव मी एका माणसाला सगळ्यांसमोर, थरथरत्या पायांनी घेताना ऐकलंय. ते असं सहज फोनवर, गाईडच्या कव्हरवर वाचून घेतलेलं मला ऐकवत नाही. तू इथं ये. अहमदपूरला गाडी बदल, उतरलीस की सरळ घरी. कपाशी निघाली की बाया पऱ्हाट्या आणतात, त्या दिवसांत ये. तिरप्या उन्हाला तुला किल्ल्याच्या भिंतीवर बसवते, रान चालत येताना दाखवते, आणि तिथं आपण दोघी मिळून ते नाव घेऊ, मोठ्यानं. जमीन हलली नाही की खाली येऊन भाकरी खाऊ.

लवकर ये. गाईड तिकडंच ठेवून ये.